व्हय म्हणण्याचा मान

देवाचा अनुभव लिहायचा म्हटला की लोक हात जोडून सुरुवात करतात. मला ते जमणार नाही. माझी सुरुवात रागाने झाली होती आणि तो राग अजून पुरता गेलेला नाही, म्हणून आधीच सांगून टाकतो. ज्याला गोड वाचायचं असेल त्याने सरळ पान उलटावं. मी तिसरीपर्यंत शिकलेला माणूस. हे लिहिलेलं सूनबाईने शुद्ध करून दिलं आहे, पण माझं एकही वाक्य मऊ करायचं नाही अशी मी तिला ताकीद दिली होती. तिने ती पाळली असेल असं धरून चालतो.

आम्ही मूळचे मालवणकडचे. गिरणीत होतो, गिरणी बंद पडली, मग चेकनाक्याजवळच्या एका कारखान्यात पाळीवर लागलो आणि दहिसर नदीच्या काठच्या चाळीत बिऱ्हाड केलं. तेव्हा इथे सगळं रान होतं. पहिल्या पावसाळ्यात घरात साप निघाले, मुलं तापाने फणफणली. तेव्हा आम्ही गाववाल्यांनी चाळीच्या मागे उंबराखाली एक दगड मांडला आणि त्याला राखणदार मानला. गावाला प्रत्येक वाडीचा राखणदार असतो, रात्रीबेरात्री सीमेवर फिरतो, लेकराबाळांवर नजर ठेवतो, तसाच हा आमच्या चाळीचा. वर्षातून एकदा त्याला राखण द्यायची. म्हणजे कोंबडा, नारळ, विडी आणि एक बाटली दारू. सगळ्यांच्या वतीने एकाने पुढे उभं राहून गाऱ्हाणं घालायचं, देवाला मोठ्याने सगळ्यांची दुःखं सांगायची, आणि मागे उभ्या असलेल्यांनी प्रत्येक वाक्याला "व्हय म्हाराजा" म्हणायचं. नंतर दगडावर दारू ओतायची आणि गाऱ्हाणं घालणाऱ्याने करटीतून, म्हणजे नारळाच्या करवंटीतून, पहिला घोट घ्यायचा. मग बाकीच्यांना तीर्थ. हा गाऱ्हाण्याचा मान पहिल्या दिवसापासून माझा. माझा आवाज मोठा, आणि मी कोणाला भीत नाही. कोणाच्या पोराला नोकरी, कोणाच्या मुलीचं लग्न, कोणाचं ऑपरेशन, सगळं मी देवाला सांगत आलो. चाळीत माझा शब्द खाली पडत नसे तो त्या मानामुळे, हे मला पक्कं ठाऊक होतं.

दारू मी पहिल्यापासून पीत होतो. पाळी सुटली की पिणारे आम्ही सगळेच होतो, त्यात मला कधी लाज वाटली नाही. कारखाना सुटला, रिटायर झालो, मग पाळीच उरली नाही, तेव्हा पिण्यालाही ठरलेली वेळ उरली नाही. घरात मी कोणावर हात टाकला नाही, पण माझ्या तोंडाने जे केलं ते हाताने झालं असतं तर बरं, असं बायको एकदा म्हणाली होती. मी तिकडे लक्ष दिलं नाही. एका सकाळी मोरीत रक्ताची उलटी झाली. हॉस्पिटलात नेलं. तिथला डॉक्टर माझ्या नातवाच्या वयाचा. तो माझ्याशी बोललाच नाही, माझ्या डोक्यावरून मुलाशी इंग्रजीत बोलला, जसा मी एखादा बिघडलेला मिक्सर आहे. मुलाने मला मराठीत एवढंच सांगितलं की आता एक घोटसुद्धा घेतलात तर परत आणायची गरज पडणार नाही. मी म्हटलं, बघतो. कॉटवर पडून मी काय बघणार होतो ते मलाच माहीत नव्हतं.

घरी आलो आणि रागाने पिणं बंद केलं. भक्तीने नाही, शहाणपणानेही नाही. त्या डॉक्टरला खोटं पाडायला बंद केलं. हात थरथरायचे, चहाचा कप बशीत खडखडायचा, अंगावरून मुंग्या चालल्यासारखं व्हायचं. आणि मागच्या खिडकीतून तो उंबर दिसायचा. मी तिथे बघून शिव्या दिल्या आहेत, खोटं कशाला सांगू. म्हटलं, तू वर्षाला बाटली घेतोस, तुझ्यावर शेंदूर चढतो. मी तेच केलं तर माझ्या घरचे मला भांडी धुण्याच्या जागी बसवतात. तुला चालते ती मला का नाही? तुझं लिव्हर दगडाचं म्हणून? बायको ऐकायची आणि भांडी आपटायची.

मुलाने कुठून तरी एका संगतीची माहिती काढली. दारू सोडू बघणारे लोक आठवड्यातून काही संध्याकाळी म्युनिसिपालटीच्या शाळेत बसतात, एकमेकांना आपापलं सांगतात, फी नाही, औषध नाही. मला तिथे नेलं तेव्हा माझं डोकं आधीच तापलेलं. चौथीचा वर्ग होता. भिंतीवर फळांची चित्रं आणि पाढे. बाक इतके बुटके की गुडघे छातीला लागत होते. ज्या शाळेतून मास्तरांनी कान धरून मला बाहेर काढलं होतं, तिथे म्हातारपणी परत बसवलं, असं वाटलं. एक चष्मेवाला, रिटायर बँकवाला, समोर होता. एकेक जण उठायचा, नाव सांगायचा, मी बेवडा आहे म्हणायचा, आणि बाकीचे त्याला मान डोलवायचे. रिक्षावाला उठला, एक गुजराती दुकानदार उठला, एक मास्तर उठला. लोक स्वतःची अब्रू स्वतःच चव्हाट्यावर टाकत होते आणि त्याला बरं होणं म्हणत होते. माझी पाळी आली. मी म्हटलं, माझं नाव चाळीत विचारा, सगळे सांगतील. बाकीचं मी बोलणार नाही.

चष्मेवाला शांत होता. त्याने मला समजावलं की आपल्या एकट्याच्या ताकदीने हे होत नाही, म्हणून आपण आपल्याला देवाच्या हवाली करायचं, ज्याचा जो देव असेल त्याच्या.

मी म्हटलं, "माझा देव स्वतः बाटली घेतो. त्याच्या हवाली काय होऊ? दोघे मिळून पिऊ?"

सगळा वर्ग हसला. मला वाटलं मला हसले. उठलो, बाकात गुडघा आपटला, आणि तसाच लंगडत बाहेर आलो. फाटकाशी एक कोळीण रिकामी टोपली उपडी घालून तिच्यावर बसली होती. दाराजवळच्या बाकावर मी तिला पाहिलं होतं. तिला वर्गात टोपली घेऊन बसायला कोणी मनाई केली नव्हती, पण वासाचं कारण ती स्वतःच सांगायची आणि दाराशी बसायची. मी लंगडत येईपर्यंत ती माझ्या पुढे निघून आली असणार. पन्नाशीची, कपाळावर मोठं गोंदण, आवाज बाजारातला.

"काय रं बाबा, रागावलास?"

मी म्हटलं, माझ्या वाटेला जाऊ नकोस, मी कोण आहे तुला माहीत नाही.

"माहीत हाय ना. माझ्या टोपलीतला बांगडा पण असाच डोळं वटारून बघतो सगळ्यांकडं. त्याला वाटतं गिऱ्हाईक भ्यालं. मेलेला असतो रं तो."

माझ्या उभ्या आयुष्यात बाईमाणसाने मला असं उत्तर दिलं नव्हतं. सगळा रस्ता मी तिला द्यायची उत्तरं जुळवत घरी आलो आणि दुसऱ्या खेपेला त्यातलं एक तिच्या तोंडावर मारायला परत गेलो. त्या वर्गात मी परत का गेलो असं कोणी विचारलं तर हेच खरं कारण आहे. त्यात देवाची इच्छा वगैरे मी बघितलेली नाही. निदान तेव्हा तरी नाही.

तिचं नाव हिरा. खाडीपलीकडच्या कोळीवाड्यातली. नवऱ्याची होडी बुडाली नाही की काही नाही, नवरा घरीच खाटेवर मेला, आणि त्यानंतर ती प्यायला लागली. पहाटे धक्क्यावर थंडी वाजते म्हणून एक, माल विकला म्हणून एक, माल राहिला म्हणून एक. बाई असून पिते म्हणून तिला तिच्या लोकांनी जे ऐकवलं ते ती वर्गात हसत हसत सांगायची, आणि हसता हसता मध्येच थांबायची. मी शेवटच्या बाकावर बसून ऐकायचो. बोलायचो नाही. मनात प्रत्येकाला नावं ठेवायचो. हा मास्तर रडका, हा रिक्षावाला थापाड्या. पण त्या थापाड्याने एकदा सांगितलं की तो सकाळी उठल्यावर प्यायच्या आधी बायको न्हाणीत जायची वाट बघायचा, आणि न्हाणीचं दार लागल्याचा आवाज त्याला जगातला सगळ्यात गोड आवाज वाटायचा. मी मान खाली घातली. तो आवाज मला ठाऊक होता. तो फक्त मलाच ठाऊक आहे अशी माझी समजूत होती. माझी जागा शेवटच्या बाकावर खिडकीशी ठरून गेली. मला कोणी बोल म्हटलं नाही. हिरा फक्त येता जाता "बांगडा आला" म्हणायची.

मग राखणीचा दिवस जवळ आला. धाकटा भाऊ बाबल त्याच चाळीत राहतो. त्याने वर्गणी गोळा केली, कोंबडा सांगून ठेवला. बायकोला चिंता पडली. ती मला कधी काही सांगत नाही, पण त्या दिवशी तांदूळ निवडता निवडता म्हणाली, "यंदा बाबलाक द्या मान. तुमका काय तो मान चाटूचो आसा?"

मी भडकलो. मान असा देता घेता येत नाही, म्हटलं. मी जिवंत असताना बाबल पुढे उभा राहिला तर माझी तिरडी बांधल्यासारखंच आहे. तिने ताट उचललं आणि आत गेली. पण इथे एक गोष्ट लिहायला हवी, ती कितीही वाईट दिसली तरी. मानाचं भांडण वरवरचं होतं. आतून मला त्या घोटाची वाट होती. देवाचा घोट, तीर्थ, त्याला कोण नाही म्हणेल? डॉक्टर नाही, मुलगा नाही, बायकोसुद्धा देवापुढे गप्प बसेल. इतके दिवस मी ज्या दगडाला शिव्या दिल्या, त्याच दगडाच्या आड लपून मला प्यायचं होतं. राखणीच्या आदल्या संध्याकाळी संगत होती. मी गेलो नाही. गेलो असतो तर कोणीतरी माझ्या तोंडावरून ओळखलं असतं.

राखण रविवारी सकाळी. उंबराखाली सगळी चाळ जमली. बाजूला आता टॉवर उभा आहे, त्याच्या गॅलऱ्यांतून लोक चहाचे कप घेऊन खाली बघत होते. बाबलने दगड धुतला, शेंदूर लावला, नारळ फोडला, करटी पुसून माझ्या हातात दिली. मग बाटलीचं झाकण उघडलं. तो वास आला आणि माझ्या तोंडाला पाणी सुटलं. लहान पोराला सुटतं तसं. मला स्वतःची एवढी किळस कधी आली नव्हती, आणि एवढी घाईही कधी झाली नव्हती. बाबलने दगडावर थोडी ओतली आणि बाकीची करटीत. करटी काठोकाठ भरली. तिच्यात उंबराची पानं दिसत होती. मी ती दोन्ही हातांनी घट्ट धरली आणि सगळ्यांना वाटलं देवाचा मान राखून धरली आहे.

मी गाऱ्हाणं सुरू केलं. "बा देवा म्हाराजा, तुझी लेकरां आज तुझ्या पायाकडे उभी हत."

"व्हय म्हाराजा."

"तेंच्या हातसून जी काय सेवा झाली, ती गोड मानून घे."

"व्हय म्हाराजा."

मग एकेकाचं. खालच्या खोलीतल्या पोराची परीक्षा, वरच्या मजल्यावरच्या वहिनींचा गुडघा, बाबलच्या जावयाची दुबईची नोकरी. सगळ्यांचं सांगून झालं. आता शेवटचं वाक्य, सगळ्यांका सुखी ठेव, आणि घोट. मी तोंड उघडलं आणि ते वाक्य आलंच नाही. माझ्या डोक्यात एकच आलं, इतकी वर्षं मी सगळ्या चाळीचं गाऱ्हाणं घातलं, माझं कोणी घातलं? गाऱ्हाणं घालणाऱ्याचं गाऱ्हाणं घालायचं कोणी? आणि असा राग आला, देवाचा, चाळीचा, माझा स्वतःचा, की डोळ्यांपुढे काळोख झाला. लोक चुळबुळ करायला लागले. बाबल कानाशी आला.

"दादा, घोट घे. मानकऱ्यान घोट घेतल्याबगर राखण लागणा नाय."

मी करटी उचलली. ओठापाशी आणली. तेवढ्यात गर्दीच्या मागून बांगड्यांचा वास आला. मासळीच्या, काकणांच्या नव्हे. मी मान वर केली. हिरा उभी होती. डोक्यावर भरलेली टोपली, कंबरेवर हात. आमच्या गल्लीत ती त्याआधी कधीही आलेली नव्हती, माझं घर तिला मी सांगितलेलं नव्हतं. तिने माझ्या हातातल्या करटीकडे बघितलं, मग माझ्याकडे. ओरडली असती तर मी प्यालो असतो, हे मी माझ्या स्वभावावरून सांगतो. ती नुसती उभी राहिली. वर्गात कोणी बोलायला उभा राहिला की वाट बघत बसायची, तशी.

मग माझ्या तोंडून जे निघालं ते मी ठरवलेलं नव्हतं. ज्या वाक्यासाठी मी चौथीच्या वर्गातून गुडघा फोडून बाहेर पडलो होतो, ते वाक्य मी सगळ्या चाळीसमोर, सुना-जावयांसमोर, टॉवरवाल्यांसमोर म्हटलं.

"बा देवा म्हाराजा, ह्यां गाऱ्हाणां घालणारो जो तुझो म्हातारो, तेचां गाऱ्हाणां आजपर्यंत कोणी घालूक नाय. तो बेवडो आसा. तेका दारू सुटणा नाय. तेच्या हातात ही करटी आसा, ती तेका खाली ठेवूक जमणा नाय. तूच ती काढून घे रे म्हाराजा."

कोणी उत्तर दिलं नाही. गाऱ्हाण्याला उत्तर आलं नाही तर ते देवापर्यंत पोचत नाही, असं आम्ही मानतो. चाळीतले लोक एकमेकांकडे बघत होते. बाबलची मान खाली. उंबरावर कावळे ओरडत होते, तेवढाच आवाज.

"व्हय म्हाराजा," हिरा म्हणाली. आमची भाषा तिची नव्हे, आमचा राखणदार तिचा नव्हे. बाजारात भाव सांगते त्या आवाजात म्हणाली.

मग बायको म्हणाली. बायका गाऱ्हाण्याला मागे उभ्या राहतात, सहसा बोलत नाहीत. ती पुढे आली, माझ्या शेजारी, आणि म्हणाली, "व्हय म्हाराजा." तिचा आवाज इतक्या वर्षांत मी एवढा मोठा ऐकला नव्हता. त्यानंतर बाकीचे म्हणाले. कोण म्हणाला, कोण नाही, मला ऐकू आलं नाही. माझा हात आपोआप खाली आला आणि करटी मी सगळीच्या सगळी दगडावर रिकामी केली. शेंदूर वाहून माझ्या पायावर आला.

देव आला, हिराच्या रूपाने उभा राहिला, असं मी म्हणणार नाही. मी नंतर तिला विचारलं होतं, त्या दिवशी कशी आलीस गो? ती म्हणाली, काल तुझा बाक रिकामा होता. तेवढंच. बाजारात तिने डोळे वटारणारा मालवणी म्हातारा कुठे राहतो म्हणून चौकशी केली आणि तिच्या सोबतच्या कोळणींनी लगेच सांगितलं, कारण माझी बायको त्यांच्याकडून मासळी घेते. यात चमत्कार काही नाही. पण ती एका गिऱ्हाईकापाशी थांबली असती, रस्ता ओलांडताना जरा खोळंबली असती, तर हे लिहायला मी नसतो. हे एवढं नेमकं कसं जुळलं याचा हिशेब माझ्याकडे नाही. मी मांडतही नाही.

बाबल मात्र बोलायचा बंद झाला. मानकऱ्याने घोट घेतला नाही, राखण मोडली, आता चाळीत कोणाला काही झालं तर दादाच्या माथी, असं तो सगळीकडे सांगत सुटला. पुढच्या वर्षी चाळीच्या पंचांनी बसून ठरवलं की ज्याला तीर्थ घेता येत नाही त्याला मान ठेवता येणार नाही. मान बाबलला गेला. मी वाद घातला, टेबल आपटलं, पण रीत त्यांच्या बाजूने होती आणि ती रीत मीच घालून दिली होती. त्या रविवारी मी पहिल्यांदा मागे उभा राहिलो, पोराटोरांच्या रांगेत. बाबलने गाऱ्हाणं घातलं. चांगलं घातलं नाही, मध्ये दोनदा अडखळला, वहिनींचा गुडघा विसरला. माझ्या छातीत आग पेटली होती. आणि तरी प्रत्येक वाक्याला मी "व्हय म्हाराजा" म्हटलं, कारण दुसरं करण्यासारखं काही उरलं नव्हतं. मला वाटत होतं की देवाने माझा जीव ठेवला आणि मान काढून घेतला, आणि हा सौदा त्याने मला न विचारता केला. वर्गात मी हे सगळं रागाने सांगितलं. आता मी तिथे बोलतो, आणि बोललो की तो गुजराती दुकानदार सगळ्यांत आधी "व्हय म्हाराजा" म्हणतो. त्याचा उच्चार ऐकवत नाही, पण मी त्याला सुधारायला गेलेलो नाही.

मग एका संध्याकाळी हिराचा बाक रिकामा होता. दुसऱ्या खेपेलाही. तिसऱ्याला मी बाजारात गेलो. तिच्या सोबतच्या कोळणींनी तोंडं फिरवली, तेव्हाच मला समजलं, ती परत प्यायली. मी इतका चिडलो की काय सांगू. देवावरच चिडलो. जिने मला त्या करटीपासून वाचवलं तिलाच तू पाडतोस? मग कोणाच्या भरवशावर माणसाने उभं राहायचं? बोरिवलीच्या धक्क्यावरून फेरीबोट घेतली आणि खाडी ओलांडली. बोटीत सगळा वेळ मी तिला ऐकवायचं काय ते जुळवत होतो.

ती ओट्यावर बसली होती. सुकत घातलेल्या बोंबलांच्या रांगेजवळ, केस मोकळे, डोळे लाल. माझ्याकडे असं बघितलं की परत जावं.

"कशाला आलास? बघायला?"

मी म्हटलं, "बघतोय. डोळे वटारलेला बांगडा."

ती हसेल असं मला वाटलं होतं. ती रडली. तोंडाला पदर लावून, आवाज न करता. मी तिला बोल लावायला गेलो होतो, ते सगळं माझ्या घशातच राहिलं. चष्मेवाला असता तर काही चांगलं बोलला असता. मला चांगलं बोलता येत नाही. मी तिच्या ओट्यावर बसलो. मग तिने बोलायला सुरुवात केली. मुलीच्या सासरी लग्न होतं, तिला तिथे बोलावलं नव्हतं, पिणारी आई नको म्हणून. आता पीत नाही हे त्यांना सांगायला मुलीला लाज वाटली. मग हिरा प्यायली. थांबवलं नाही स्वतःला. माझं काय होणार रं बाबा, म्हणाली.

गाऱ्हाणं घालण्यात माझं आयुष्य गेलं. तिच्या वतीने मी देवाला मोठ्या आवाजात सांगू शकलो असतो, हिरा कोळीण तुझ्या पायाकडे आसा म्हणून. शब्द जिभेवर आले होते. मी ते गिळले. ते तिचं गाऱ्हाणं होतं, ती घालत होती, ओबडधोबड, नाक पुसत. मागे उभं राहायला तिला कोणी नव्हतं.

मी म्हटलं, "व्हय म्हाराजा."

तिने पदरातून माझ्याकडे बघितलं. पुढचं बोलली. मी परत म्हटलं. ती बोलत गेली, मी म्हणत गेलो. शेजारणी दारातून डोकावून गेल्या, काय म्हणाल्या असतील ते म्हणाल्या असतील. संध्याकाळच्या बोटीने ती माझ्याबरोबर अलीकडे आली आणि आम्ही दोघे उशिरा वर्गात शिरलो. ती दाराशी बसली, मी खिडकीशी.

माझा राग गेला का, असं मुलगा विचारतो. नाही गेला. बाबलशी मी अजून तुटक बोलतो. उंबराखालून जाताना त्या दगडाला अजून एखादा शब्द ऐकवतोच. पण हल्ली ऐकवून झालं की हात जोडतो, कारण माझी करटी ज्याने रिकामी करून घेतली तो तोच, हेही मला नाकारता येत नाही. गाऱ्हाण्याचा मान माझ्याकडून गेला तेव्हा मला वाटलं होतं की सगळं गेलं. आता वाटतं की व्हय म्हणणाऱ्याचाही मान असतो, आणि तो कोणाला हिसकावून घेता येत नाही. तेवढा मान मला देवाने दिला, एका कोळणीच्या हातून दिला. मी त्याचा ऋणी आहे. हे कबूल करताना मला त्रास होतो, पण कबूल आहे.